पुढे आलेले कान : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पुढे आलेल्या, दुमडलेल्या किंवा एकमेकांशी न जुळणाऱ्या कानांविषयी गेल्या काही महिन्यांत या सदराकडे बरीच पत्रे आली. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. दुसरे पत्र नवजात बाळाविषयीचे असल्यामुळे त्याचे उत्तर संबंधितांना त्याच दिवशी दूरध्वनीवरून कळवले होते, कारण अंक छापून हाती पडेपर्यंत उपचाराची वेळ निघून गेली असती.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा असून दुसरीत शिकतो. त्याचे दोन्ही कान पुढे आलेले आहेत. वर्गातली मुले त्याला ‘सूप’ म्हणून हाक मारतात. यंदा एप्रिलच्या उन्हातही तो कानटोपी काढायला तयार नव्हता. सासूबाईंचे म्हणणे असे की, मोठे कान भाग्याचे असतात आणि वाढत्या वयाबरोबर ते आपोआप बसतात. शस्त्रक्रिया करावी का? केल्यास कोणत्या वयात? ऐकण्यावर परिणाम होईल का?
— एक आई, सातारा

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक पालकांच्या मनातली खरी भीती तीच असते. कानाचा बाहेर दिसणारा भाग म्हणजे त्वचेने मढवलेली एक लवचिक कूर्चा (मऊ हाड) आहे. ऐकण्याचे काम कानाच्या पडद्याशी आणि त्याच्या आतल्या भागात चालते. ही शस्त्रक्रिया फक्त बाहेरच्या कूर्चेवर होते, त्यामुळे तिने ऐकू येणे कमी होत नाही आणि वाढतही नाही.

आपल्या सासूबाईंच्या म्हणण्यातला पहिला भाग मी खोडून काढणार नाही. गणपतीला शूर्पकर्ण म्हणणाऱ्या आपल्या घरांत, नातवाच्या मोठ्या कानांकडे कौतुकाने पाहणारी आजी असणे हा त्या मुलाचा फार मोठा आधार आहे आणि तो त्याच्यापासून काढून घेऊ नये. दुसरा भाग मात्र बरोबर नाही. सात वर्षांच्या मुलाचे पुढे आलेले कान वयाबरोबर मागे जात नाहीत. बाह्यकर्णाची बहुतेक वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत पूर्ण झालेली असते आणि त्याची ठेवण तोवर ठरून गेलेली असते. याच कारणामुळे ही शस्त्रक्रिया साधारणपणे पाच-सहा वर्षांच्या आधी करत नाहीत. त्या वयानंतर ती केल्याने कानाची पुढची वाढ खुंटत नाही.

कान पुढे का येतो, हे आपल्याला घरीच पाहता येईल. मुलाला खुर्चीवर बसवून त्याच्या मागे उभ्या राहा आणि वरून पाहा. कानाची कड आणि डोके यांच्यामधले अंतर सामान्यतः दीड ते दोन सेंटिमीटर असते, आणि कान डोक्याशी 20 ते 30 अंशांचा कोन करतो. आता कानाच्या वरच्या कडेला एका बोटाने अगदी हलके मागे दाबा. कानाच्या मध्यावर एक उभी, गोलसर घडी उमटलेली दिसेल. ही घडी बहुतेकांच्या कानात जन्मतः असते, पण आपल्या मुलाच्या कानात ती पुसट असावी किंवा मुळीच नसावी, आणि त्यामुळे कानाचा वरचा अर्धा भाग पानासारखा उघडा राहिला असावा. घडी नीट असूनही कान पुढेच राहत असेल, तर कानाच्या भोकाभोवतीची वाटी गरजेपेक्षा खोल आहे असे समजावे. पुष्कळ मुलांमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र असतात आणि काहींत खालची पाळीही पुढे वळलेली असते. शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रियेआधी यांतले काय आहे ते दाखवून दिले पाहिजे, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

या फरकाची जाण वैद्यकालाही उशिरा आली. न्यू यॉर्कच्या एली या डॉक्टरांनी 1881 साली 12 वर्षांच्या एका मुलाचे पुढे आलेले कान शस्त्रक्रियेने मागे घेतले. हे काम कोणत्या दुखापतीसाठी नव्हते, तर सोबतची मुले त्याला चिडवत म्हणून केलेले होते. आपल्या पत्रातली व्यथा इतकी जुनी आहे. परंतु पुढील काही दशके डॉक्टर कानामागची त्वचा आणि थोडी कूर्चा काढून कान मागे ओढून धरत, आणि तो पुन्हा पुढे येई. घडी नसणे हेच मूळ कारण असल्याचे 1910 साली ल्युकेट यांनी दाखवले. स्कॉटलंडमधील मुस्टार्डे यांनी 1963 साली कूर्चा न कापता केवळ टाक्यांनी ती घडी तयार करण्याची पद्धत मांडली, आणि 1968 साली फर्नास यांनी खोल वाटी कानामागच्या हाडावरील आवरणाला टाक्यांनी बांधण्याची रीत सांगितली. आज जगभर जे केले जाते ते बहुतांशी या दोन पद्धतींचे मिश्रण आहे.

प्रत्यक्षात काय होते ते सांगतो, कारण ‘कान कापणार’ या शब्दांनीच मुले आणि आज्या घाबरतात. लहान मुलाला पूर्ण भूल द्यावी लागते. घडी कोठे हवी हे ठरले की शाईत बुडवलेली बारीक सुई कानाच्या पुढून मागे आरपार नेऊन कूर्चेच्या मागच्या बाजूला निळे ठिपके उमटवतात, जेणेकरून मागून काम करताना पुढची रेषा चुकू नये. छेद कानाच्या मागे, डोके आणि कान जेथे मिळतात त्या खोबणीलगत घेतला जातो, त्यामुळे व्रण समोरून दिसत नाही. न विरघळणाऱ्या दोऱ्याचे तीन-चार टाके कूर्चेतून घालून ते सैल ठेवतात आणि मग एकेक करून, कानाकडे समोरून पाहत, हवी तेवढीच घडी पडेपर्यंत आवळतात. दोन्ही कानांना मिळून दीड ते दोन तास लागतात. काम चांगले झाले की नाही याची माझी कसोटी अशी की, समोरून पाहताना कानाची बाहेरची कड त्या नव्या घडीच्या पलीकडे थोडी दिसली पाहिजे. ती दिसेनाशी झाली तर कान डोक्याला चिकटवल्यासारखा वाटतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीचा उजवा कान माझ्या हातून असा जास्त मागे बसला होता. तिच्या आईवडिलांची काही तक्रार नव्हती, तरीही तेव्हापासून शेवटचा टाका आवळण्यापूर्वी मी दोनदा समोर जाऊन पाहतो.

आता ‘करावी का’ या आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. याचे उत्तर माझ्याकडे नाही आणि आपल्याकडेही पूर्ण नाही. ते मुलाकडे आहे. गेल्या वर्षी आठ वर्षांच्या एका मुलाला त्याची आई घेऊन आली होती. आई बोलत होती तेवढा वेळ तो सँडलचा पट्टा उघडत आणि लावत बसला होता. आईला बाहेर बसायला सांगून मी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मला काही वाटत नाही, पण आईला रडू येतं.” त्या मुलाची शस्त्रक्रिया मी केली नाही. आपल्या मुलाची एप्रिलमधली कानटोपी मात्र वेगळे काही सांगते आहे. तरीही त्याला शांतपणे विचारा, शक्यतो आरशासमोर नाही तर चालता-चालता. ‘चिडवणे थांबावे’ एवढेच त्याचे उत्तर असेल, तर आधी वर्गशिक्षिकांना भेटा. टोपणनाव लावणाऱ्या मुलांशी बोलणे हे शाळेचे काम आहे, आणि ते न करता मुलाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेणे मला मान्य नाही. ‘मला माझे कान नीट हवेत’ असे त्याने स्वतःहून म्हटले, तर मात्र ‘मोठा झाल्यावर बघू’ म्हणून त्याला आणखी दहा वर्षे थांबवून ठेवू नका. ज्या मुलाला स्वतःला हवे असते ते मूल डोक्याची पट्टी नीट सांभाळते, आणि निम्मे यश त्या पट्टीवर असते.

ती पट्टी साधारण आठवडाभर पूर्ण डोक्याला गुंडाळलेली असते. नंतर चार ते सहा आठवडे झोपताना कानांवर रुंद, मऊ हेडबँड लावावा लागतो, कारण झोपेत कान उशीवर पुढे दुमडला तर टाके सुटू शकतात. तेवढे दिवस पोहणे, कबड्डी, फुटबॉल बंद. डोक्यातून घालायच्या टी-शर्टऐवजी पुढे बटणे असलेले शर्ट घालावेत. पुष्कळ पालक मे महिन्याची सुट्टी निवडतात. मी दिवाळीची सुचवतो, कारण मेमध्ये पट्टीखाली घाम येतो, खाज सुटते आणि मूल तेथे हात घालते.

एक गोष्ट लिहून ठेवा. पहिल्या दोन दिवसांत एकाच कानात दुखणे वाढत गेले, ठणका लागला, तर वेदनाशामक गोळी देऊन मुलाला झोपवू नका. पट्टीखाली रक्त साचत असल्याची ती खूण असू शकते आणि त्याच रात्री डॉक्टरांनी पट्टी उघडून पाहिली पाहिजे.

प्रश्न : माझ्या बहिणीचे बाळ आज नऊ दिवसांचे आहे. त्याच्या उजव्या कानाचा वरचा भाग खाली दुमडलेला आहे. मालीश करणाऱ्या मावशी रोज तेल लावून तो ओढतात आणि ‘महिन्याभरात सरळ होईल’ म्हणतात. बाळ मोठे झाल्यावर शस्त्रक्रिया करता येईल, असा सल्ला आम्हाला मिळाला आहे. बाराव्या दिवशी कान टोचायचे ठरले आहे. काय करावे?
— बाळाची मावशी, सांगली

उत्तर : या अंकातले सर्वांत महत्त्वाचे पत्र माझ्या दृष्टीने हेच आहे, कारण या बाळाला कदाचित कधीच शस्त्रक्रिया लागणार नाही.

गर्भावस्थेत आईच्या शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक बाळाच्या रक्तात उतरलेले असते आणि त्याच्या प्रभावामुळे जन्मानंतरचे काही दिवस बाळाच्या कानाची कूर्चा ओल्या मातीसारखी मऊ असते. हे प्रमाण पहिल्या दिवसांपासून झपाट्याने उतरू लागते आणि साधारण सहा आठवड्यांत नेहमीच्या पातळीवर येते. जपानमधील मात्सुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली दाखवून दिले की, या मुदतीत कानाला योग्य आकारात काही आठवडे धरून ठेवले, तर तो आकार कायम राहतो. त्यासाठी छेद, टाका, भूल यांपैकी काहीही लागत नाही. मऊ सिलिकॉनच्या बारीक नळीत वाकवता येणारी तार घालून केलेला आधार कानाच्या घडीत बसवतात आणि त्वचेला न बोचणाऱ्या चिकटपट्टीने तो धरून ठेवतात. तयार साचेही मिळतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी ते बदलून एकूण दोन ते सहा आठवडे ठेवावे लागतात. सुरुवात पहिल्या तीन आठवड्यांच्या आत झाली तर उत्तम. दोन-तीन महिन्यांच्या बाळात हाच उपाय फार थोडा उपयोगी पडतो.

म्हणून ‘मोठे झाल्यावर बघू’ हा सल्ला, तो कितीही सद्भावनेने दिलेला असला, तरी या बाबतीत चुकीचा आहे. काही कान पहिल्या आठवड्यात आपोआप सरळ होतात, हे खरे. या बाळाचा कान नवव्या दिवशीही दुमडलेला आहे, तेव्हा वाट पाहण्याचा काळ संपला. बालरोगतज्ज्ञांकडून प्लास्टिक सर्जन किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे चिठ्ठी घेऊन याच आठवड्यात जावे. मालीश करणाऱ्या मावशींचा हेतू योग्य दिशेचा आहे, पण कूर्चेला चोवीस तासांतली दहा मिनिटे ओढून आकार येत नाही. तो सतत धरून ठेवावा लागतो. शिवाय तेलामुळे चिकटपट्टी टिकत नाही, म्हणून उपचार चालू असताना त्या कानाला आणि त्याभोवतीच्या केसांना तेल लावू नये. कुंची किंवा टोपडे बांधतानाही कान पुढे दुमडला जात नाही ना, हे पाहावे. पुढे आलेले कान पुष्कळदा जन्मतः नसतात आणि पहिल्या काही महिन्यांत दिसू लागतात, याचे कारण बाळ दुमडलेल्या कानावर झोपते.

कान टोचण्याचा कार्यक्रम हा उपचार संपेपर्यंत पुढे ढकलावा. बारसे त्याविना होऊ शकते.

एक फरक तपासून घ्या. कान दुमडलेला असणे वेगळे आणि कानाचा काही भाग तयारच न झालेला असणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात साच्याने हरवलेला भाग येत नाही. बरगडीच्या कूर्चेपासून नवा कान घडवावा लागतो आणि ते काम बहुधा आठ-दहा वर्षांच्या वयात करतात. अशा बाळाची श्रवणचाचणी मात्र पहिल्या महिन्यातच झाली पाहिजे. तेथे दिसण्यापेक्षा ऐकण्याचा प्रश्न आधीचा आहे, कारण ऐकू आले नाही तर बोलणेही मागे पडते.

प्रश्न : मी 23 वर्षांचा आहे. ‘अर्ध्या तासात, काप न देता कान मागे’ अशी जाहिरात पाहिली. हे खरे असते का? आरोग्यविम्यातून खर्च मिळतो का?
— पुणे

उत्तर : काप न देता सुईच्या छिद्रांतून कातडीखालून दोरा ओवून घडी पाडण्याची पद्धत खरोखर अस्तित्वात आहे. कूर्चा पातळ आणि मऊ असेल, आणि दोष फक्त घडीचा असेल, तर ती काही रुग्णांना चालते. आपल्या वयात कूर्चा ताठर होऊ लागलेली असते, तिचा जोर त्या दोन-तीन दोऱ्यांवर येतो आणि कान पुन्हा पुढे येण्याची शक्यता वाढते. खोल वाटीसाठी तर ती पुरेशी नाहीच. त्यामुळे कान हाताने तपासण्याआधीच पद्धत आणि वेळ सांगणाऱ्या जाहिरातीवर मी विश्वास ठेवणार नाही. प्रौढांसाठी मिळणाऱ्या कानामागच्या चिकटपट्ट्या लावलेल्या असेतोवरच काम करतात.

डॉक्टरांची पदवी विचारण्यात संकोच बाळगू नका. प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डीएनबी, अथवा या कामाचा अनुभव असलेले कान-नाक-घसा शल्यचिकित्सक, आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी, एवढे पाहावे. त्यांनी स्वतः केलेल्या रुग्णांची, वर्षभरानंतरची छायाचित्रे मागावीत. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीचे छायाचित्र काहीच सिद्ध करत नाही. विम्याविषयी सांगायचे तर, केवळ रूपासाठी केलेली शस्त्रक्रिया आपल्याकडील आरोग्यविम्यात सर्वसाधारणपणे वगळलेली असते. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला अपवाद असतो. जन्मजात दोषाबाबत आपल्या पॉलिसीत काय म्हटले आहे ते कंपनीकडून आधी लेखी घ्यावे. खर्च झेपत नसेल तर मुंबईतील जे. जे. आणि केईएम किंवा पुण्यातील ससून या सार्वजनिक रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. तेथे तपासून घेता येईल, मात्र गंभीर रुग्ण आधी घेतले जातात, म्हणून थांबण्याची तयारी ठेवावी.

प्रश्न : माझे वय 26. डावा कान उजव्यापेक्षा पुढे आहे आणि थोडा वरही आहे. त्यामुळे चष्मा तिरका बसतो आणि मी कधी अंबाडा घालत नाही. लग्न ठरत आहे. मुलाकडच्यांनी फोटो पाहून ‘कान करून घ्या’ असे सुचवले. लग्न अडीच महिन्यांनी आहे. कानाच्या वरच्या भागात दुसऱ्यांदा टोचले होते तेथे शेंगदाण्याएवढी गाठ झाली आहे आणि ती वाढते आहे.
— नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य मी पहिले धरतो. टोचलेल्या जागी वाढत जाणारी कठीण गाठ ही बहुधा केलॉइडची असते. अशा त्वचेत व्रण भरून आल्यावरही वाढत राहतो आणि मूळ जखमेच्या बाहेर पसरतो. कानाची पाळी, कानाचा मागचा भाग, खांदे आणि छाती या त्याच्या नेहमीच्या जागा आहेत, आणि आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत तो अधिक आढळतो. शस्त्रक्रियेचा छेद नेमका कानाच्या मागे असतो. दोन-तीन मिलिमीटरने कान मागे घेण्याच्या प्रयत्नात तेथे सुपारीएवढी गाठ झाली, तर पुढची कित्येक वर्षे इंजेक्शनांत जातील. घरात आणखी कोणाला असे व्रण होतात का ते विचारा, आणि आधी त्या गाठीची तपासणी व उपचार करून घ्या. ती केलॉइड ठरली, तर माझा सल्ला कानाची शस्त्रक्रिया न करण्याचा आहे.

ती केलॉइड नसली, तरी लग्नाआधी ही शस्त्रक्रिया करू नये. सूज उतरायला काही आठवडे लागतात, कानाचा बधिरपणा काही महिने राहू शकतो, आणि लग्नाच्या धावपळीत, कानात जड दागिने घालून, झोप अपुरी असताना नव्या टाक्यांची काळजी घेता येत नाही. नंतर कधी केलीत, तर आपल्या वयात ती जागेपुरत्या भुलीत होते आणि बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. तेव्हाही सहा आठवडे दुचाकी चालवू नये, कारण हेल्मेट घालताना आणि काढताना कान पुढे ओढला जातो, आणि हेल्मेटशिवाय गाडी चालवणे हा पर्याय नव्हे.

अपेक्षेविषयीही स्पष्ट लिहितो. या शस्त्रक्रियेने कानाचे पुढे-मागे असणे बदलते, वर-खाली असणे बदलत नाही. चष्म्याचा तिरकेपणा चष्म्याच्या दुकानात दांडी वाकवून पाच मिनिटांत दुरुस्त होईल. दोन्ही कान तंतोतंत सारखे कोणाचेच नसतात, आणि शस्त्रक्रियेनंतरही दोन बाजूंत तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक आम्ही चांगला निकाल मानतो.

राहिला मुलाकडच्यांचा सल्ला. आपल्याला स्वतःला अंबाडा घालायचा असेल आणि त्यासाठी कान दुरुस्त करावासा वाटत असेल, तर ते पुरेसे कारण आहे आणि त्याबद्दल कोणालाही स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. परंतु फोटो पाहून दुसऱ्याच्या मुलीच्या शरीरात दुरुस्ती सुचवणाऱ्यांसाठी भूल, छेद आणि टाके सोसू नयेत, असे मला मनापासून वाटते. ज्यांच्याशी लग्न ठरत आहे त्यांच्याशी याविषयी आपण स्वतः बोललात का, हे आपण लिहिलेले नाही. बोलून पाहा.

प्रश्न : मी 19 वर्षांचा असून तालमीत सराव करतो. दोन वर्षांपूर्वी उजवा कान सुजला आणि नंतर कठीण होऊन चेपल्यासारखा झाला. वस्ताद म्हणतात ही पैलवानाची खूण आहे. मला त्याचा अभिमान आहे, पण डावा कान तरी चांगला राहावा असे वाटते. उजवा दुरुस्त होतो का?
— कोल्हापूर जिल्हा

उत्तर : कानाच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या पातळ आवरणातून तिचे पोषण होते. सरावात कान घासला किंवा दाबला गेला की आवरण कूर्चेपासून सुटते आणि मध्ये रक्त साचते. ते तसेच राहिले तर कूर्चेचे पोषण तुटते आणि साचलेल्या रक्ताच्या जागी नवी, वेडीवाकडी, कठीण कूर्चा तयार होते. आपल्या उजव्या कानात हेच झाले आहे.

डाव्या कानाबाबत एवढे करा. कान फुग्यासारखा मऊ सुजला, तर त्याच दिवशी, फार तर दोन-तीन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. ते रक्त काढतात आणि कानाच्या पुढे-मागे कापसाच्या घट्ट गुंडाळ्या ठेवून त्या आरपार टाक्यांनी आवळतात, म्हणजे आवरण पुन्हा कूर्चेला चिकटते. नुसते रक्त काढून सोडले तर ते परत भरते. तालमीत कोणी सुईने टोचून रक्त काढून देत असेल तर ते करून घेऊ नका. कूर्चेत जंतुसंसर्ग झाला तर अख्खा कान विरघळल्यासारखा आक्रसतो. गुंडाळ्या असेपर्यंत आखाड्यात उतरायचे नाही, हे वस्तादांना डॉक्टरांच्या चिठ्ठीसह सांगा. सरावात तरी कानांचे संरक्षक वापरता आले तर पाहा.

उजवा कान कोरून पातळ करता येतो, पण काम किचकट असते, पहिल्यासारखा कान मिळत नाही, आणि पुन्हा मार बसला तर सगळे वाया जाते. त्यामुळे कुस्ती चालू आहे तोवर तो तसाच राहू द्यावा. कानाचे भोक अरुंद होऊन ऐकू कमी येत असेल, तर मात्र थांबू नका.

प्रश्न : माझे वय 64. जड झुब्यांमुळे दोन्ही कानांची भोके ओघळून उजवी पाळी पूर्ण फाटली आहे. वैशाखात नातवाची मुंज आहे आणि कुड्या घालायची इच्छा आहे. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. या वयात हे करणे बरे दिसेल का?
— फोंडा, गोवा

उत्तर : बरे न दिसण्यासारखे यात काहीही नाही. दागिन्याने फाटलेला कान जोडणे हे आपल्या देशातले फार जुने वैद्यक आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कान टोचण्याचा विधी आणि फाटलेली पाळी जोडण्याच्या पंधरा रीती सांगितल्या आहेत.

फाटलेल्या भागाच्या दोन्ही कडांवर कातडी वाढून त्या गुळगुळीत झालेल्या असतात, म्हणून त्या नुसत्या जवळ आणून चिकटत नाहीत. ती कातडी अगदी बारीक काढून ताज्या कडा टाक्यांनी जुळवतात. जोडाची रेषा सरळ ठेवली तर व्रण आक्रसताना पाळीच्या खालच्या कडेला खाच पडू शकते, म्हणून कित्येक शल्यचिकित्सक ती थोडी नागमोडी ठेवतात. हे काम जागेपुरत्या भुलीत अर्ध्या-पाऊण तासात होते आणि आठवड्याभराने टाके काढतात. ओघळलेले पण न फाटलेले डावे भोकही त्याच वेळी लहान करून घ्यावे. मधुमेहामुळे अडत नाही, मात्र आधीच्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी करून घ्या आणि ती आटोक्यात नसेल तर प्रथम ती आणा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका.

नवे भोक किमान तीन महिन्यांनी पाडायचे, तेही जोडाच्या रेषेवर नाही तर तिच्या बाजूला, कारण व्रणाची कातडी मूळ कातडीइतकी मजबूत नसते. टोचल्यावर ते भरून यायला आणखी सहा आठवडे धरा. मुंज वैशाखात असेल तर पाळी मार्गशीर्ष लागण्याआधी जोडून घ्यायला हवी. मुंजीच्या दिवशी मोत्यांच्या हलक्या कुड्या खुशाल घाला. झुबे घालावेसे वाटले तर त्यांचा भार केसांत अडकवलेल्या वेलावर येऊ द्या, आणि रात्री झोपताना कान मोकळे ठेवा.